उन्हाच्या तिरिपेंतील त्रसरेणु

आमच्या अंबरनाथच्या घरांत पूर्वेच्या खिडकींतून हिंवाळ्यांतल्या सकाळीं आठाच्या सुमारास उन्हाची एक तिरीप येते व देवघरासमोरच्या फरशीवर पडते. गेल्या माघांत एके दिवशीं माझा सहा वर्षांचा नातू त्या तिरिपेंत हात घालून कांहीं तरी पकडण्याची खटपट करीत बसला होता. "आजोबा, हें काय उडतंय?" असें त्यानें मला विचारलें. छत्तीस वर्षें मुलांना संस्कृत शिकविण्यांत घालविलेल्या माणसाला असा प्रश्न म्हणजे पर्वणीच! मी पोथी मिटली आणि त्याला सांगितलें कीं, याचें नांव त्रसरेणु. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सोन्यारुप्याच्या वजनांचें कोष्टक दिलें आहे. त्यांतलें अगदीं आरंभींचें परिमाण हेंच. झरोक्यांतून आलेल्या उन्हांत जो सूक्ष्म रजःकण दिसतो तो त्रसरेणु. तसे आठ मिळून एक लिक्षा, तीन लिक्षांची एक राई, आणि याप्रमाणें चढत चढत पुढें माष, सुवर्ण आणि पल.

नातवानें हें सर्व शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "पण ते कशाचे असतात?"

"मातीचे," मी म्हणालों.

रात्रीं सर्व मंडळी जेवावयास बसल्यावर मी हा संवाद मोठ्या कौतुकानें सांगितला. माझा पुतण्या रसायनशास्त्राचा पदवीधर असून येथीलच औद्योगिक वसाहतींत नोकरीस आहे. तो म्हणाला, "काका, मातीचे हें खरें; पण सगळे मातीचे नव्हेत. त्यांत थोडे आपल्या पडद्यांचे आहेत, थोडे बाळाच्या कानटोपीचे आहेत, आणि रागावूं नका, थोडे तुमच्या सोंवळ्याचेहि आहेत."

माझें सोंवळें म्हणजे दोन वर्षांपूर्वीं घेतलेला तांबडा मुकटा. दुकानदारानें तो शुद्ध रेशमी म्हणून दिला होता. मी अर्थातच रागावलों. तेव्हां पुतण्यानें त्याच्या दशीचा एक धागा काढून चिमट्यांत धरला आणि पाण्याच्या ताटलीवर पेटत्या काडीजवळ नेला. रेशीम जळतांना केंस जळल्यासारखा वास येतो व मागें चुरगळणारी काळी राख राहते. सूत कागदासारखें जळतें व त्याची राख मऊ आणि करडी असते. माझ्या मुकट्याचा धागा आधीं आंखडला, मग वितळला, आणि शेवटीं चिमट्याच्या टोंकाशीं एक टणक काळा मणि तेवढा राहिला. घरांत हंशा पिकला. आमच्या कुटुंबानें एवढेंच म्हटलें, "दोन वर्षं देवांनीं चालवून घेतलं, आतां तुम्हीहि घ्या."

त्या काळ्या मण्यानें मला मात्र विचार करावयास लावलें. त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत पुतण्याच्या साहाय्यानें मी या विषयावर जें वाचलें, आणि त्याच सुमारास आमच्या घरीं कामास येणाऱ्या बाईंच्या निमित्तानें जें पाहिलें, तें वाचकांपुढें मांडावें असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

मुकट्याचा तो धागा ज्या द्रव्याचा होता त्यास पॉलिएस्टर म्हणतात. १९४१ सालीं इंग्लंडांत व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन रसायनज्ञांनीं ज्याचा धागा काढला व जो पुढें टेरिलीन या नांवानें आमच्या लहानपणीं घरोघर शिरला, तोच हा पदार्थ. आगगाडींत आपण पाण्याच्या ज्या बाटल्या विकत घेतों त्याहि याच द्रव्याच्या. बाटली आणि सदरा हीं एका आईचीं लेंकरें आहेत, हें आपल्या ध्यानांतहि येत नाहीं. नायलॉन, ॲक्रिलिक, पॉलिप्रॉपिलीन हीं त्यांचींच भावंडें. पडदे, गालिचे, ब्लँकेटें, खुर्च्यांचीं गवसणें, मुलांचीं मऊ खेळणीं यांच्या रूपानें तीं आपल्या घरांत नांदत असतात. शहाडला ज्याचा मोठा कारखाना आहे तें रेयॉन मात्र या कुळांतलें नव्हे. तें लांकडाच्या लगद्यापासून करतात.

कोणतेंहि वस्त्र वापरलें कीं तें झिजतें. सुती धोतराची झीज मातीला मिळते आणि जंतु तिचा फडशा पाडतात. प्लास्टिकची झीज अशी सहज कुजत नाहीं; धाग्याचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात, आणि कण तसेच राहतात. २००४ सालीं इंग्लंडांतील प्लिमथ येथील रिचर्ड थॉम्प्सन या सागरशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं समुद्रांत सांपडणाऱ्या अशा बारीक कणांना 'मायक्रोप्लास्टिक' हा शब्द योजला. पांच मिलिमीटरांहून लहान अशा सर्व तुकड्यांना आज तें नांव लावतात. आपण त्यास सूक्ष्मप्लास्टिक म्हणूं. आरंभीं सर्वांचें लक्ष समुद्राकडे, माशांकडे आणि मिठाकडे होतें. जी वस्तु आपण क्षणोक्षणीं आंत घेतों त्या हवेकडे शास्त्रज्ञांचें लक्ष वळावयास आणखी सुमारें दहा वर्षें लागलीं.

तें प्रथम वळलें पॅरिस शहरांत. २०१५ ते २०१७ या काळांत तेथील संशोधकांनीं प्रथम छपरांवर पात्रें ठेवून आकाशांतून काय पडतें तें पाहिलें, आणि मग घरांतली व कचेरींतली हवा गाळून तींतले तंतु मोजले. बाहेरच्या एका घनमीटर हवेंत त्यांस पाव-अर्ध्यापासून दीडपर्यंत तंतु आढळले. आंतल्या हवेंत तेच प्रमाण एकापासून साठापर्यंत गेलें. घरांतल्या तंतूंपैकीं सुमारें एक तृतीयांश खनिज तेलापासून झालेले, म्हणजे प्लास्टिकचे होते. बाकीचे सूत, लोंकर इत्यादिकांचे. बाहेर धूर-धुरळा आहे म्हणून आपण खिडक्या लावून घेतों; परंतु तंतूंच्या बाबतींत घर हेंच अधिक दाट ठरलें! पुढें २०१९ सालीं फ्रान्स आणि स्पेन यांमधील पिरेनीज पर्वतांत, जेथें जवळपास मोठी वस्ती नाहीं अशा ठिकाणींहि, वाऱ्याबरोबर आलेलें सूक्ष्मप्लास्टिक दर चौरस मीटरास दिवसाला सरासरी ३६५ कण याप्रमाणें पडत असल्याचें दिसून आलें. आणि २०२० सालीं इटलींतील संशोधकांनीं दाखविलें कीं, पॉलिएस्टरचे कपडे धुतांना जेवढे तंतु पाण्यांत जातात, त्यांहून कमी नव्हेत इतके ते नुसते अंगावर घालून वावरतांना हवेंत जातात. म्हणजे आपण चालतों, बसतों, उठतों, तेव्हां आपल्या भोंवतीं आपल्याच वस्त्रांचें एक विरळ धुकें असतें.

२०२५ सालीं फ्रान्समधल्याच तुलूज येथील संशोधकांनीं स्वतःच्याच घरांतली व मोटारींतली हवा तपासली आणि असा अंदाज केला कीं, प्रौढ मनुष्य दिवसाकांठीं सूक्ष्मप्लास्टिकचे सुमारें ६८,००० कण श्वासावाटे आंत घेत असावा. हा आंकडा वाचून मी दचकलों. परंतु वाचकांनीं येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. कोळ्याच्या जाळ्याचीं भोंकें जेवढीं मोठीं, तेवढे लहान मासे त्यांतून निसटतात. पॅरिसकरांनीं मोठे, डोळ्याला भिंगाखालीं दिसणारे तंतु मोजले. तुलूजकरांनीं एक ते दहा मायक्रॉनांचे कण मोजले. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटराचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केंस सुमारें सत्तर मायक्रॉन जाड असतो. तेव्हां दहा वर्षांत हवा हजारपट बिघडली असा याचा अर्थ नव्हे. जाळें बारीक झालें, एवढाच अर्थ आहे.

आपल्या देशांतहि हें मोजमाप सुरू झालें आहे. कलकत्त्याच्या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेच्या पुढाकारानें झालेल्या एका अभ्यासांत दिल्ली, कलकत्ता, चेन्नई आणि मुंबई या चार शहरांतील गर्दीच्या बाजारांची हवा तपासण्यांत आली. त्याचा वृत्तान्त २०२५ सालीं प्रसिद्ध झाला. श्वासाबरोबर आंत जाण्याजोगें सूक्ष्मप्लास्टिक दिल्ली व कलकत्ता येथें दर घनमीटरास चौदा मायक्रोग्रॅमांच्या वर, चेन्नईस सुमारें चार, आणि मुंबईस २.६५ मायक्रोग्रॅम भरलें. समुद्रकांठच्या दोन शहरांत तें कमी निघालें, ही वाऱ्याची कृपा समजावयाची. मुंबईपासून आमचें अंबरनाथ आगगाडीनें दीड तासाच्या वाटेवर. परंतु समुद्राचा वारा येथपर्यंत येतां येतां दमून जातो.

आमच्या भागाची हवा सरकारदरबारीं अपरिचित नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें केंद्र सरकारनें राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जाहीर केला. ज्या शहरांची हवा ठरलेल्या मर्यादेंत बसत नाहीं अशांची यादी त्यांत केली, तींत महाराष्ट्रांतील मुंबई-पुण्याबरोबर उल्हासनगर आणि बदलापूर यांचींहि नांवें आहेत. ही मर्यादा २००९ सालीं ठरविलेली आहे. दहा मायक्रॉनांपर्यंतची धूळ वर्षाच्या सरासरीनें दर घनमीटरास ६० मायक्रोग्रॅमांवर, आणि अडीच मायक्रॉनांपर्यंतची ४० मायक्रोग्रॅमांवर असूं नये, असा तो नियम. पण हें माप धुळीचें वजन करतें, तिचें कूळ विचारीत नाहीं. माती, काजळी, मीठ, प्लास्टिक, सर्व एकाच पारड्यांत! माझ्या नातवाचा प्रश्न नेमका हाच होता: "पण ते कशाचे?"

आतां हे कण आंत गेल्यावर काय होतें तें पाहूं. मनुष्य दिवसाकांठीं सुमारें दहा-बारा हजार लिटर हवा आंत घेतो. नाकांतले केंस व ओलावा मोठे कण अडवितात. त्यांतून सुटलेले श्वासनलिकेच्या चिकट श्लेष्म्यांत रुततात, आणि तेथील सूक्ष्म लव तो श्लेष्मा सतत वर लोटीत असते. तो आपण थुंकतों किंवा नकळत गिळतों. दहा मायक्रॉनांखालचे कण फुप्फुसाच्या फांद्यांपर्यंत, आणि अडीचांखालचे अगदीं टोंकाच्या वायुकोशांपर्यंत पोंचूं शकतात. तेथें लव नाहीं. तेथें पहारा भक्षक पेशींचा. जंतु आला तर त्या त्याला गिळून पचवितात. प्लास्टिक गिळतां येतें, पण पचवितां येत नाहीं. आणि तंतु लांब असेल तर धड गिळतांहि येत नाहीं. अशा वेळीं पेशी चेततात, दाह सुरू होतो, आणि तो टिकून राहिला तर नाजूक ऊतींवर व्रण पडून त्या निबर होऊं शकतात.

माणसाच्या फुप्फुसांत हे तंतु खरोखर सांपडले आहेत. १९९८ सालीं अमेरिकेंतील बफेलो येथील संशोधकांनीं शस्त्रक्रियेंत काढलेल्या फुप्फुसांच्या तुकड्यांत वनस्पतिज व प्लास्टिकचे तंतु पाहिले. २०२१ सालीं ब्राझीलमधील साओ पावलो येथें मृत्यूनंतर तपासलेल्या वीसांपैकीं तेरा जणांच्या फुप्फुसांत, आणि २०२२ सालीं इंग्लंडांतील हल येथें जिवंत रोग्यांच्या तेरा नमुन्यांपैकीं अकरांत सूक्ष्मप्लास्टिक आढळलें. २०२४ सालीं साओ पावलोच्याच संशोधकांस पंधरा मृतांपैकीं आठांच्या मेंदूंतील घ्राणकंदांत, म्हणजे नाकाच्या माथ्यावर वास ओळखणारा जो भाग असतो त्यांत, हे कण दिसले. असले शोध करतांना मोठीच काळजी घ्यावी लागते, कारण तपासणाऱ्याच्या अंगरख्यांतला तंतु नमुन्यांत पडला तर सर्व श्रम फुकट! म्हणून ही मंडळी प्रयोगशाळेंत सुती अंगरखे घालतात, आणि शेजारीं एक रिकामें पात्र उघडें ठेवून त्यांत काय पडतें तेंहि मोजतात.

परंतु सांपडणें निराळें आणि अपाय करणें निराळें. धूम पाहून अग्नीचें अनुमान करावयाचें तर दोहोंची व्याप्ति आधीं ठाऊक असावी लागते, हें तर्कसंग्रह शिकणारा विद्यार्थीहि सांगेल. येथें व्याप्तीच अद्याप पुरती सिद्ध झालेली नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ सालीं अन्न आणि श्वास या दोन्ही वाटांचा विचार करून अहवाल प्रसिद्ध केला. उपलब्ध पुरावा निश्चित निष्कर्षास अपुरा आहे, तरी लोकांचा या कणांशीं येणारा संपर्क कमी करण्याचे उपाय करावे, असा त्याचा आशय आहे. २०२४ अखेर सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनीं तोंवरच्या अभ्यासांची छाननी केली. त्यांतले बहुतेक प्रयोग जनावरांवरचे होते. श्वसनेंद्रियांस अपाय होत असल्याचा संशय घेण्यास जागा आहे, असा त्यांनीं अभिप्राय दिला. "संशय" हाच शब्द. न कमी, न अधिक.

मग निश्चित असें कांहींच नाहीं काय? आहे, पण तें साध्या घरांतलें नसून कारखान्यांतलें आहे. तंतूंची धूळ जेथें दाट असते तेथें छाती बिघडते, ही गोष्ट फार जुनी. इटलींतील रामाझ्झिनी या वैद्यानें १७०० सालीं कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यांत जवस व भांग यांचे तंतु पिंजणाऱ्यांच्या खोकल्याचें वर्णन आहे. मुंबईच्या गिरणगांवांत ज्यांचे आजे-पणजे राबले त्यांना 'बिसिनोसिस' हें नांव ठाऊक नसेल, पण रोग ठाऊक असेल: आठवड्याची सुट्टी भोगून कामावर रुजू होतांच छाती आंवळून यावी, व पुढील दिवसांत थोडी सुटावी, असें त्याचें लक्षण. हा रोग कापसाच्या धुळीनें होतो. तेव्हां "सूत तेवढें सात्त्विक, प्लास्टिक तेवढें तामस" असें म्हणण्याचा मोह माझ्यासारख्या जुन्या माणसानें आवरला पाहिजे. प्लास्टिकच्या तंतूंचा दाखलाहि आहे. १९७५ सालीं पोर्तुगालमधील डॉक्टरांनीं कृत्रिम धाग्यांच्या कामगारांतील छातीच्या विकारांची नोंद केली. आणि १९९८ सालीं अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड प्रांतांत, नायलॉनची बारीक भुकटी कापडावर चिकटवून मखमल करणाऱ्या कारखान्यांतील कामगारांना फुप्फुसाचा एक दुर्मिळ विकार होत असल्याचें उघडकीस आलें. त्यांतल्या कित्येकांना तें काम सोडल्यावर उतार पडला. एका कणानें कोणी आजारी पडत नाहीं. मात्रा आणि काळ हीं दोन मापें जेथें एकत्र वाढतात तेथें भय आहे.

हें सर्व मी एका वहींत टिपून ठेवलें होतें, आणि एखाद्या सभेंत व्याख्यान द्यावें असाहि विचार मनांत घोळत होता. तों फाल्गुनांत आमच्या घरीं भांडींधुणीं करावयास येणाऱ्या बाई चार दिवस आल्या नाहींत. पांचव्या दिवशीं आल्या त्या खोकत खोकतच. आमच्या कुटुंबानें विचारलें तेव्हां म्हणाल्या, "धाग्यांचा खोकला हाय, वहिनी. सगळ्याच बायकांना हाय."

धाग्यांचा खोकला म्हणजे काय, हें समजण्यास उल्हासनगरचा व्यवसाय ठाऊक पाहिजे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनीं कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत संसार मांडले, आणि १९४९ सालीं त्या वस्तीस उल्हासनगर हें नांव मिळालें. हात टेंकण्यास जागा नसतां या लोकांनीं जे धंदे उभे केले, त्यांत जीनच्या विजारींचा धंदा आज देशभर प्रसिद्ध आहे. विजार शिवून झाली कीं तिच्या शिवणींतून लोंबणारे धागे कापून ती साफ करावी लागते. हें काम नगावर पैसे ठरवून आसपासच्या चाळींतल्या बायकांना घरीं देतात. जीनचें कापड मुख्यतः सुती. पण त्यांत पुष्कळदां पॉलिएस्टर व ताणला जाणारा कृत्रिम धागा मिसळलेला असतो, आणि शिवणीचा दोरा तर बहुधा पॉलिएस्टरचाच.

मी कुटुंबासह त्यांच्या घरीं गेलों. दहा फूट लांब, दहा फूट रुंद अशी एक खोली. कोपऱ्यांत कमरेइतका विजारींचा ढीग. फरशीवर, भांड्यांच्या फळीवर, पंख्याच्या पात्यांवर निळसर लव सांचलेली. शाळेंतून आलेल्या दोघी मुली दारापाशीं बसून कात्रीनें धागे कापीत होत्या. रात्रीं निजावयाचें तेंहि त्याच खोलींत. आणि धाकटीनें गांठोड्याची उशी केलेली मीं डोळ्यांनीं पाहिली. दुपारचें ऊन दारांतून तिरपें येत होतें. आमच्या घरच्या तिरिपेंत त्रसरेणु मोजतां येतील इतके विरळ असतात. येथें तिरीप अशी दिसतच नव्हती, निळसर दुधासारखा एक पट्टा दिसत होता.

नुकतेंच वाचलेलें डोक्यांत ताजें. मी म्हणालों, "बाई, हा प्लास्टिकचा रोग आहे. हें काम बंद करा."

बाईंनीं माझ्याकडे पाहिलें. रागावून नव्हे. "गुरुजी, बंद करते. मग पोरींची फी तुम्ही भरणार का?"

मला उत्तर सुचलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्यांना एका ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलें. माझें निदान ऐकून डॉक्टर हंसले. "मास्तर, आपल्या देशांत इतके दिवसांचा खोकला म्हटला कीं आधीं थुंकी तपासायची. क्षय नाहीं हें कळल्यावर मग प्लास्टिकचं बोलूं." थुंकी तपासली, छातीचें चित्र काढलें, क्षय नव्हता. दम्याकडे झुकणारा विकार होता. तो सुताच्या धुळीनें, प्लास्टिकच्या, कीं निळीच्या, असें मीं विचारलें, तेव्हां ते म्हणाले, "तें तुमचा अहवाल सांगणार नाहीं, आणि मीहि सांगणार नाहीं. धूळ कमी करा. तिघींचीहि एकदम कमी होईल." त्यांनीं ओढून घेण्याचें औषध दिलें आणि काम कसें करावें तेंहि सांगितलें: तोंडाला घट्ट बसणारी चांगली मुखपट्टी, काम उघड्यावर, विजारी झटकायच्या त्या बाहेर, फरशी केरसुणीनें न झाडतां ओल्या फडक्यानें पुसायची, आणि ढीग निजण्याच्या जागीं ठेवायचा नाहीं.

सांगणें सोपें. एका खोलींत राहणाऱ्यानें ढीग ठेवावा कोठें? १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यानें बिसिनोसिसला सरकारास कळविण्याजोग्या रोगांच्या यादींत स्थान दिलें होतें; परंतु घरीं बसून नगावर काम करणाऱ्या बाईच्या उंबऱ्यापर्यंत तो कायदा कधीं पोंचला नाहीं. तो विषय रात्रीं जेवतांना निघाला. पुतण्या कायद्याचें बोलत होता, मी मनूचें बोलत होतों, शेवटीं सूनबाई म्हणाल्या, "आपली मागची ओटी दुपारीं रिकामीच असते. दोन ते पांच त्यांनीं तिथं काम केलं तर?" आमचे थोरले बंधु कांहीं वेळ बोलले नाहींत. ओटीवर तुळशीवृंदावन आहे, आणि तेथें गिऱ्हाइकांच्या विजारी येणार, हें त्यांच्या जिवावर आलें होतें. मग त्यांनीं आपल्या मुलाच्या पायांकडे पाहिलें. पुतण्याच्या अंगांत जीनचीच विजार होती, उल्हासनगरचीच. "बरें," एवढेंच ते म्हणाले.

तेव्हांपासून बाई व शेजारच्या आणखी एक जण दुपारीं ओटीवर धागे कापतात. वारा असतो, उजेड असतो. आणि काम संपल्यावर गांठोडें ओटीवरच्या लांकडी पेटींत राहतें, घरीं जात नाहीं. मुली आतां दुपारीं अभ्यास करतात. त्यांचें इंग्रजी माझा पुतण्या पाहतो आणि संस्कृत मी पाहतों. चैत्र संपतां बाईंचा रात्रींचा खोकला पुष्कळ कमी झाला. बऱ्या झाल्या असें म्हणवत नाहीं. डॉक्टरांचें औषध चालूच आहे, आणि तें किती औषधाचें व किती ओटीचें हें कोणी वेगळें करून दाखवूं शकणार नाहीं. आमच्या तुळशीवर मात्र निळी लव बसते. ती कुटुंब रोज सकाळीं पाण्यानें धुतात.

वाचकांच्या घरीं विजारींचा ढीग नसेल. तरीहि घरांतल्या धुळीचा बंदोबस्त अल्प खर्चांत करतां येतो, आणि त्यांतला बराचसा आपल्या आज्यांना ठाऊक होता. सडा शिंपडून मग झाडावें, हा त्यांचा परिपाठ धूळ न उडविण्याचाच होता. फरशीच्या घरांत त्याचें काम ओलें फडकें करतें. रांगणारें मूल जमिनीपासून वीतभर उंचीवर श्वास घेतें, म्हणून तें जेथें खेळतें ती जागा रोज पुसावी आणि तेथें केसाळ कृत्रिम गालिचा घालूं नये. अंथरुणा-पांघरुणांत जुन्या सुती लुगड्यांच्या गोधड्या असाव्या. रात्रभर तोंडाशीं जें असतें त्याला अधिक महत्त्व. कपडे व पांघरुणें झटकावयाचीं तीं गच्चींत किंवा अंगणांत, खोलींत नव्हे. पंख्याचीं पातीं व पडदे महिन्यांतून एकदां तरी ओल्या फडक्यानें व पाण्यानें स्वच्छ करावे. स्वयंपाक आणि केरवारे चालतांना खिडक्या उघडाव्या. रस्त्यावर वाहनांची दाटी असेल तेवढा वेळ मात्र त्या लावून घ्याव्या.

आणि एक गोष्ट निक्षून सांगतों. हिंवाळ्यांत शेकोटीला किंवा चूल पेटवावयास प्लास्टिकच्या पिशव्या घालण्याची चाल आमच्या भागांत सर्रास दिसते. महाराष्ट्र सरकारनें २३ मार्च २०१८ रोजीं अशा पिशव्यांवर बंदी घातली आणि १ जुलै २०२२ पासून एकदांच वापरून फेकण्याच्या कित्येक वस्तु देशभर बंद झाल्या. तरी आमच्या वालधुनीच्या कांठीं, ज्या नदीच्या तीरावर शके ९८२ चें शिवालय उभें आहे तेथेंहि, त्या पडलेल्या दिसतात. त्या जाळल्या म्हणजे नाहींशा होत नाहींत. धागा झिजून जें वर्षांत होतें तें जाळून घटकेंत होतें, आणि शिवाय विषारी धूर निघतो. सूक्ष्मप्लास्टिकाविषयीं शास्त्रज्ञ अजून "संशय" म्हणतात. या धुराविषयीं कोणालाच संशय नाहीं.

नवें वस्त्र घेतांना एक धागा जाळून पाहावा, म्हणजे आपण काय घेतों तें तरी कळेल. तो प्रयोग मोठ्या माणसानें, चिमट्यांत धरून, पाण्याच्या ताटलीवर करावा. धूर हुंगूं नये. सर्व कृत्रिम वस्त्रें टाकून द्या असें मी म्हणणार नाहीं. टाकलेलें वस्त्र कोठें तरी झिजतच राहणार, आणि रेशमी मुकट्याएवढ्या पैशांत चार कुटुंबांच्या मुलांना पॉलिएस्टरचे गणवेश मिळतात, हें शिक्षक म्हणून मला चांगलें ठाऊक आहे. मीं स्वतः पूजेला जुनी धाबळी पुन्हां काढली आहे. ती टोंचते, पण खरी आहे.

परवां नातू पुन्हां तिरिपेंत बसला होता. मी त्याला म्हणालों, "बाळ, त्या दिवशीं मी तुला चुकीचं सांगितलं. ते सगळे मातीचे नसतात. कांहीं मातीचे, कांहीं आपल्या कपड्यांचे, आणि कांहीं ओटीवर काम चालतं त्याचे."

त्यानें थोडा विचार केला. "मग ओटीवरच्या ताई पण हेच आंत घेतात?"

"हो," मी म्हणालों. "आपल्याहून पुष्कळ जास्त."

तो उठला, आणि मोरींतलें पोतेरें ओलें करून ओटीकडे गेला. आमच्या कोणाच्या सांगण्यावांचून.